ऋण आणि छप्पर

महाभारताच्या वनपर्वात यक्ष धर्मराजाला जे अनेक प्रश्न विचारतो, त्यांत सुखी कोण, असाही एक प्रश्न आहे. धर्मराजाने दिलेले उत्तर अगदी साधे आहे. ज्याला कोणाचे देणे नाही, ज्याला घर सोडून परमुलखात राहावे लागत नाही आणि जो दिवस कलता कलता का होईना, आपल्या घरी भाजीपाला शिजवून खातो, तो सुखी. राज्य गमावलेल्या आणि वनवासात असलेल्या माणसाच्या तोंडचे हे उत्तर असल्यामुळे त्याला एक वेगळेच वजन येते.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांना हे उत्तर थोडे अडचणीत टाकते. आपण परवासी तर आहोतच. सातारा, अकोला किंवा रत्नागिरी सोडून नेमणुकीच्या हुकुमाबरोबर भोपाळ, कलकत्ता, दिल्ली असे आपले बिऱ्हाड फिरत असते. निवृत्तीच्या वेळी डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि पगारदार माणसाजवळ घराची सगळी किंमत एकदम कधीच नसते. म्हणून तो कर्ज काढतो. परवास संपावा म्हणून ऋणी व्हायचे, म्हणजे धर्मराजाच्या सुखाची एक अट पुरी करण्यासाठी दुसरी मोडायची, असा हा पेच आहे.

एवढ्यावर हा पेच थांबला असता तर त्यात नैतिक प्रश्न फारसा नव्हता. परंतु अलीकडे प्रकरण पुढे गेले आहे. पहिले घर झाल्यावर, कित्येकदा ते होण्यापूर्वीच, दुसरे घर बँकेच्या पैशाने घेऊन ठेवावे, असा सल्ला कचेरीतल्या चहाच्या वेळी सर्रास दिला जातो. घर राहण्यासाठी नसते. भाव वाढेल, तेव्हा ते विकायचे असते. 'स्वतःचा पैसा थोडा आणि बँकेचा फार' हेच त्यातले शहाणपण असे सांगण्यात येते. यात व्यवहाराच्या दृष्टीने नफा किती आणि धोका किती, याचा विचार अनेकजण करतात. हे करणे योग्य आहे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आणि त्यासाठी फरीदाबादसारखे दुसरे सोयीचे गाव मला दिसत नाही.

दिल्लीहून मथुरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये वसविले, असे मानतात. खजिनदाराने वसविलेल्या गावात पैशाविषयी लिहावे, यात थोडे औचित्यही आहे. परंतु आजच्या फरीदाबादचा खरा जन्म १९४९-५० मधला. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, विशेषतः बन्नू आणि त्या बाजूच्या जिल्ह्यांतून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी येथे नवे औद्योगिक नगर वसविण्याचे ठरले. त्यासाठी फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. सुधीर घोष त्याचे प्रमुख प्रशासक होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने सहकारी संस्था उभारण्याचे काम अंगावर घेतले आणि त्या कामातले तरुण कार्यकर्ते लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे १९९८ मध्ये या प्रयोगाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. घरे कंत्राटदारांकडून बांधून घेऊन निर्वासितांना दान द्यावीत, की ती त्यांनीच बांधावीत आणि त्या कामाची मजुरी त्यांना मिळावी, हा तेथे वादाचा मुद्दा होता. जी माणसे काल तंबूत शिधा घेत होती, त्यांनी विटा भाजल्या, भिंती उभारल्या आणि त्या भिंतींमध्ये राहू लागली. राज्याने पैसा पुढे घातला तो या माणसांच्या उद्याच्या श्रमांवर भरवसा ठेवून. तारण म्हणून त्यांच्याजवळ दोन हातांखेरीज काही नव्हते.

याच गावाला दुसरा काठ आहे. १८७४ मध्ये सुरू झालेला आग्रा कालवा शहराच्या पूर्वेकडून वाहतो. त्याच्या पलीकडील शेतांना पूर्वी लोक नुसते 'नहरपार' म्हणत. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे सेक्टरांचे आकडे पडले, त्याला 'ग्रेटर फरीदाबाद' हे नाव मिळाले आणि गव्हा-मोहरीच्या रानात बहुमजली इमारतींचे सांगाडे उभे राहिले. दिल्लीची मेट्रो सप्टेंबर २०१५ मध्ये फरीदाबादेत आणि २०१८ च्या नोव्हेंबरात बल्लभगडपर्यंत पोहोचली. परंतु सदनिकांची विक्री त्याच्या कितीतरी आधी, नकाशावरच झाली होती. घेणारांत दिल्लीत भाड्याने राहणारे कुटुंबवत्सल लोक होते, तसेच जेथे कधीच राहायचे नाही अशा घराचा ताबा मिळण्यापूर्वीच ते नफ्याने दुसऱ्याला देऊ पाहणारेही होते. काही इमारती पुऱ्या झाल्या आणि तेथे आज दिवे लागतात. काही वर्षानुवर्षे रखडल्या.

कालव्याच्या दोन्ही बाजूंना घरे उभी राहिली ती उद्याच्या भरवशावर आगाऊ घेतलेल्या पैशानेच. तेव्हा कर्ज वाईट, असे सरसकट म्हणून आपली सुटका नाही. एका बाजूच्या पैशाने उखडलेली माणसे रुजली आणि दुसऱ्या बाजूच्या पैशाने कित्येक सुस्थित माणसे उखडली गेली. हा फरक कोठून आला?

कर्जाचे मूळ स्वरूप आधी पाहिले पाहिजे. कर्ज म्हणजे वचन. आज दुसऱ्याने जपलेली वस्तू मी वापरतो आणि उद्याच्या माझ्याकडून ती परत करवीन, असा शब्द देतो. 'उद्याचा मी' येथे जामीन राहिलेला असतो, परंतु जामीन राहण्यास तो तयार आहे की नाही, हे त्याला विचारण्याची सोय नसते. पस्तिसाव्या वर्षी सही करणारा माणूस पंचावन्नाव्या वर्षाच्या माणसाला बांधून घेतो. इतकेच नव्हे तर सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या पत्नीला आणि सही न करणाऱ्या मुलांनाही. आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी मानला आहे. त्या ऋणांचे वैशिष्ट्य असे की, ती नीट जगण्यानेच फिटतात. त्यांच्यासाठी कोणाचे हिसकावून घ्यावे लागत नाही. पैशाच्या ऋणालाही हीच कसोटी लावता येईल. जे ऋण माझ्या नेहमीच्या, प्रामाणिक श्रमांनी फिटण्याजोगे आहे, त्याचे वचन देण्याचा मला अधिकार आहे. जे फिटण्यासाठी माझ्या हाती नसलेली एखादी गोष्ट घडलीच पाहिजे, त्याचे वचन मी कोणत्या बळावर देतो?

पहिल्या प्रकाराला पेरणीचे कर्ज म्हणू आणि दुसऱ्याला पैजेचे. शेतकरी बियाण्यासाठी कर्ज काढतो तेव्हा पाऊस त्याच्या हाती नसतो, हे खरे. पण नांगरणी, पेरणी, राखण ही त्याच्या हातची असतात आणि पिकलेले धान्य कोणाच्या तरी पोटात जाते. पैजेच्या कर्जात ऋणकोने करण्याजोगे काहीच नसते. आपण घेतलेल्या भावाहून अधिक भाव देणारा कोणीतरी पुढे यावा, याची वाट पाहणे एवढेच त्याचे काम. त्या पुढच्या माणसालाही बहुधा कर्जच काढावे लागते. अशा रीतीने एकाचा नफा दुसऱ्याच्या ऋणातून निघतो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. आणि साखळीच्या शेवटी जो उभा असतो तो पुष्कळदा खरोखरीच घर हवे असलेला माणूस असतो.

येथे थोडे अंकगणित केले पाहिजे. कारण नीतीचे पुष्कळ प्रश्न हिशेब न केल्यामुळेच धूसर राहतात. समजा, एका अधिकाऱ्याने साठ लाखांची सदनिका घेतली. तीस लाखांहून अधिक आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ऐंशी टक्क्यांची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे. म्हणून त्याचे बारा लाख आणि बँकेचे अठ्ठेचाळीस. भाव दहा टक्के वाढला तर सहा लाख मिळतात. म्हणजे त्याच्या बारा लाखांवर पन्नास टक्के. सल्ला देणारे येथेच थांबतात. भाव वीस टक्के उतरला तर मात्र त्याचे बाराही लाख नाहीसे होतात आणि बँकेचे देणे तसेच उभे राहते. ज्या तरफेने ओझे वर उचलते, तीच उलट फिरली म्हणजे हात मोडते.

आता हप्ता. अठ्ठेचाळीस लाखांवर सात टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे ३७,२०० रुपये येतो. व्याज नऊ टक्के झाले तर तो जवळजवळ ४३,२०० होतो. बँका अशा वेळी हप्ता वाढविण्याऐवजी कित्येकदा मुदत वाढवितात आणि ऋणकोला ते कळतही नाही. कर्जाच्या आरंभीच असे झाले, तर तोच जुना हप्ता ठेवून वीस वर्षांचे कर्ज अडतीस वर्षांचे होते. व्याज साडेनऊवर गेले तर नुसते पहिल्या महिन्याचे व्याजच ३८,००० होते, म्हणजे जुन्या हप्त्याहून अधिक. तो हप्ता जन्मभर भरला तरी मुद्दल फिटावयाचे नाही. ही काल्पनिक भीती नव्हे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांच्या आत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला असा आदेश काढावा लागला की, दर बदलताना ऋणकोला परिणाम समजावून सांगावा, हप्ता वाढवावा की मुदत, हे त्याला ठरवू द्यावे आणि हप्त्यातून निदान व्याज तरी भागेल असे पाहावे.

आणि भाडे? राजधानीच्या परिसरात घराचे वार्षिक भाडे साधारणतः त्याच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते. अडीच टक्के धरले तर साठ लाखांच्या घराला महिना साडेबारा हजार. नऊ टक्क्यांच्या दराने पहिल्या वर्षाचे व्याज सव्वाचार लाखांवर जाते आणि भाडे येते दीड लाख. दुरुस्ती, देखभालीची वर्गणी आणि कर बाजूला ठेवले तरी घराची किंमत दरसाल साडेचार टक्क्यांहून अधिक वाढली तरच हा मनुष्य होता तेथे राहतो. याचा अर्थ असा की, त्याचे वचन त्याच्या पगारावर उभे नाही. ते शहराच्या भाववाढीवर उभे आहे. शहराच्या भाववाढीचा अर्थ, घर हवे असलेल्या नव्या माणसाला ते अधिक दुर्मिळ होणे, असाच आहे. आपल्या वचनाची पूर्तता दुसऱ्याच्या अडचणीवर अवलंबून ठेवणे, हा पैजेच्या कर्जातला नैतिक दोष आहे.

हा दोष आजच्या काळाचाच आहे, असे मानू नये. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला. त्या पैशाच्या पुरात बॅक बे भरून काढण्याच्या कंपनीचे भाग कित्येक पटींनी चढले; समुद्रातून अद्याप वर न आलेल्या जमिनीवर लोकांनी पैसा लावला आणि बँक ऑफ बॉम्बेने अशा भागांच्या तारणावर कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि समुद्राच्या पाण्याखालची ती संपत्ती पाण्यातच राहिली. पुढे ती बँकही बुडाली. तोच कापूस दख्खनच्या शेतकऱ्याच्याही कर्जाचा पाया झाला होता. भाव होता तेव्हा सावकाराने सढळ हाताने दिले. भाव गेल्यावर हात आखडला आणि जुन्या देण्याचे नवे कागद होऊ लागले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तो पुणे-नगर भागातील अनेक गावांत पसरला. त्यात लोकांनी माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे जाळण्याकडे अधिक लक्ष दिले. या दंग्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा निघाला. ज्याने सोसले तो शेतकरी पैज खेळला नव्हता. चढत्या भावाच्या आधारावर त्याला दिलेल्या पैशाने त्याच्या पेरणीच्या कर्जालाच पैजेचे रूप दिले होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. आपण सारे बदलीच्या गावी भाड्याच्या घरांत राहतो. प्रत्येकाला सरकारी निवासस्थान मिळत नाही. फरीदाबादेत जलविद्युत महामंडळाचे, केंद्रीय भूजल मंडळाचे किंवा वनस्पति-संरक्षण संचालनालयाचे कार्यालय आहे. तेथे बदलून येणारा मराठी माणूस ज्या घरात बिऱ्हाड थाटतो, ते घर कोणीतरी स्वतः राहण्यासाठी नव्हे, गुंतवणूक म्हणूनच घेतलेले असते. त्या घरमालकाने कर्ज काढले नसते तर आपण राहिलो कोठे असतो? ज्याच्या छपराखाली मी झोपतो त्याला पापी कसे म्हणू?

हा आक्षेप मान्य केला पाहिजे. पण त्याने आपली कसोटी मोडत नाही, उलट अधिक स्पष्ट होते. जो कर्ज काढून घर बांधतो, ते वाजवी भाड्याने देतो आणि भाडे अधिक आपली मिळकत यांतून हप्ता फेडू शकतो, तो पेरणीच करीत आहे. त्याच्या घरात कोणाची तरी चूल पेटते. भाव चढला नाही तरी त्याचे वचन मोडत नाही. दोष त्या कुलुपबंद सदनिकेत आहे, जिच्या मालकाला भाडेकरूचा उपद्रव नको असतो, कारण मोकळे घर लवकर विकते. दुसऱ्या घराच्या मालकीपेक्षा, त्या घरात कोणी राहावे असे मालकाला वाटते की नाही, यावरून निवाडा व्हावा.

आता यापेक्षा कठीण प्रश्न. ज्याने सगळे विचारपूर्वक केले, राहण्यासाठी एकच घर घेतले, हप्ते वेळेवर भरले आणि ज्याला घर मिळालेच नाही, त्याने काय करावे? राजधानीच्या परिसरात अशी माणसे हजारोंनी आहेत. २०१० नंतरच्या काही वर्षांत अशी एक योजना फार चालली की, ताबा मिळेपर्यंत व्याज बिल्डर भरील. ग्राहकाने फक्त थोडी रक्कम द्यावी. कर्ज मात्र ग्राहकाच्या नावावर असे आणि रक्कम सरळ बिल्डरच्या हाती, पुष्कळदा पाया निघण्यापूर्वीच. बिल्डरने व्याज थांबविले की बँक ग्राहकाच्या दारी येई. ३ सप्टेंबर २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी जोडण्याचा आदेश बँकांना दिला. जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितले. आणि २९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील बिल्डर व वित्तसंस्था यांच्या संगनमताची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली.

अशा ग्राहकाने दिलेले वचन त्याला बांधते काय? कायद्याने बँकेचा करार आणि बिल्डरचा करार वेगळे असतात. घर न मिळणे हे हप्ता न भरण्याचे कारण आपोआप होत नाही. नव्वद दिवस थकले की कर्ज बुडीताच्या वाटेला लागते आणि २००२ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन बँक तारणाला हात घालू शकते. नीतीने मात्र एवढेच म्हणून भागत नाही. बांधकाम न पाहता ज्या सावकाराने पैसा तिसऱ्याच्या हाती दिला, त्याने स्वतःचे कर्तव्य आधी मोडले आहे. वचनाला दोन बाजू असतात. देणाराने फेडीची शक्यता तपासली पाहिजे, हाही त्याचा भाग आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राला हे ठाऊक होते. दामदुपटीचा नियम असा की, थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये. मुंबई इलाख्यात इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. त्यामागचा विचार ऋणकोची दया एवढाच नसावा. ज्याच्याकडून फिटणे अशक्य आहे त्याला देत राहण्याचा मोह धनकोला पडू नये, असाही त्याचा परिणाम होता. आणि ज्याला आपण मराठी माणसे सगळ्यांत जवळचा मानतो, तो देहूचा वाणी स्वतः सावकाराच्या घरातला. दुष्काळानंतर घरातले कर्जखते दोघा भावांत वाटून तुकोबांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले आणि कान्होबाच्या वाट्याला हात लावला नाही, असे परंपरा सांगते. त्याग स्वतःच्या हक्काचा करायचा, दुसऱ्याच्या हक्काचा नव्हे, हा त्या गोष्टीतला बारकावा फार थोड्यांच्या ध्यानात येतो. सगळ्या बँकांनी सगळी कर्जे नदीत सोडावीत, असे त्यातून निघत नाही. कारण बँकेतला पैसा ठेवीदारांचा, म्हणजे कान्होबाच्या वाट्याचा असतो.

न्यायालयांनाही हळूहळू याच भेदाकडे यावे लागले आहे. २०१८ मध्ये नादारी संहितेत दुरुस्ती होऊन घर घेणारे बिल्डरचे वित्तीय धनको ठरले. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. म्हणजे कायद्याने मान्य केले की, जो स्वतःला नुसता ऋणको समजत होता, तो वस्तुतः धनकोही आहे. त्याच्याच पैशावर इमारत उभी राहत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. ठरावीक परतावा किंवा परतखरेदीची हमी घेऊन सदनिकेत पैसा गुंतविणाऱ्या सट्टेबाजाला नादारीचा हा मार्ग वसुलीसाठी वापरता येणार नाही आणि खऱ्या घरेच्छूचा निवाऱ्याचा हक्क मात्र घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाच्या आश्रयाला आहे, असे सांगितले. पेरणी आणि पैज यांतला भेद न्यायालयाने आपल्या भाषेत केला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आपल्यापैकी जे केंद्र सरकारच्या सेवेत आहेत, त्यांना हा भेद खरे म्हणजे नवा वाटू नये. १९६४ च्या वर्तणूक नियमांतला सोळावा नियम सरकारी नोकराला गुंतवणुकीत सट्टा करण्यास मनाई करतो आणि वारंवार खरेदीविक्री हा सट्टाच समजतो. सतरावा नियम त्याने आपले खासगी व्यवहार असे ठेवावेत की नेहमीचा कर्जबाजारीपणा किंवा नादारी त्याच्यावर ओढवू नये, असे सांगतो. हे नियम आपण बहुधा वार्षिक मालमत्तापत्रक भरतानाच आठवतो. त्यांच्यामागे विचार आहे. कर्जात बुडालेला अधिकारी स्वतंत्र राहत नाही. ज्याच्या सहीने जमिनीचा वापर बदलतो, त्याचेच दोन हप्ते थकलेले असतील तर ती सही कोणाची? आणि लाच घेणे दूरच राहो, भाव चढावा अशी ज्याची स्वतःची निकड आहे, त्याची नगररचनेविषयीची मते तरी किती निर्मळ राहतील? घरबांधणीची सरकारी अग्रिम रक्कम मिळते ती संपूर्ण सेवेत एकदा, एका घरासाठी. तिच्यावर व्याज सरळ आकारले जाते. आधी मुद्दल जास्तीत जास्त १८० हप्त्यांत आणि मग व्याज जास्तीत जास्त ६० हप्त्यांत कापतात. ही रचना ज्याने केली त्याच्या डोळ्यांपुढे पेरणी करणारा नोकर होता. ती रक्कम आजच्या भावाला अपुरी पडते, हे खरे. पण त्यामागची मर्यादा अपुरी नाही.

मग आपण काय करावे? उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच सहज मिळत नाही. तथापि वरील विवेचनातून चार प्रश्न आपोआप निघतात आणि सही करण्यापूर्वी प्रत्येकाने ते स्वतःला विचारावेत. घराचा भाव दहा वर्षे होता तेथेच राहिला, तरी हे कर्ज माझ्या मिळकतीतून फिटेल काय? व्याज आणखी अडीच टक्क्यांनी वाढले, तर माझ्या घरातले दूध, शाळा आणि औषध यांना हात न लावता हप्ता देता येईल काय, आणि सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवलेले आहेत काय? साठाव्या वर्षी, निवृत्तिवेतनाला हात लावण्यापूर्वी, हे देणे संपेल काय? आणि ज्या घरासाठी हे ऋण काढतो आहे त्यात माझी किंवा दुसऱ्या कोणाची चूल पेटणार आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल तर ते कर्ज अविचाराचे आहे. चौथ्याचे 'नाही' असेल तर पहिल्या तिन्हींचे 'होय' असूनही ते अन्यायाचे आहे. फक्त त्याची झळ आपल्याला न लागता दुसऱ्याला लागते. शिवाय हे प्रश्न एकट्याने सोडवू नयेत. सहकर्जदार म्हणून जिची सही घ्यायची, तिच्यापुढे बोजाचे सगळे आकडे, पहिली रक्कम भरण्यासाठी काढलेल्या हातउसन्यासकट, मांडलेले असावेत. ज्याला हिशेब दाखविता येत नाही त्याने सही मागू नये.

राहता राहिला धर्मराज. त्याने सांगितलेले सुख आपल्याला आज पुरते लाभणे कठीण आहे. नोकरी परगावची आहे आणि घर कर्जाचे आहे. परंतु त्याच्या उत्तरात एक तिसरी गोष्ट होती, जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही: स्वतःच्या घरी शिजविलेला साधा भाजीपाला. ऋण आणि परवास यांच्या दोन अटींमध्ये ती गोष्ट मुकाट्याने बसलेली आहे आणि बाकीच्या दोन्ही तिच्यासाठीच आहेत. १९५० च्या सुमारास फरीदाबादच्या नव्या भिंतींत पहिली चूल पेटविणारी बन्नूची बाई परवासी होती, तिच्या माणसांजवळ काही शिल्लक नव्हते आणि राज्याचा पैसा त्यांना श्रमांनी फेडायचा होता. तरीही धर्मराजाने तिला सुखी माणसांत गणले असते, असे मला वाटते. कालव्यापलीकडच्या कुलूप घातलेल्या सदनिकेच्या मालकाविषयी, त्याचे सगळे हप्ते वेळेवर जात असले तरी, तशी खात्री देता येत नाही.